मदत हवी आहे: हा हमिंगबर्ड ॲलन्स की रुफस?

कॅलिफोर्नियात सॅन होजेत राहतो. बाल्कनीतल्या फीडरवर ॲनाज हमिंगबर्ड बाराही महिने असतो, नराचा गुलाबी गळा आता लांबूनही ओळखतो. पण मार्च लागल्यापासून एक वेगळाच पाहुणा येतोय. कुशी आणि शेपूट तांबूस, मान वळवली की गळा निखाऱ्यासारखा पेटतो. पाठ हिरवी, म्हणून ॲलन्स धरला होता. आता कळलं की काही रुफस नरांचीही पाठ हिरवी असते, आणि ते याच दिवसांत उत्तरेकडे जाताना इथून जातात. खरी खूण शेपटीत: रुफसच्या मधून दुसऱ्या पिसाला टोकाजवळ खाच असते. माझ्या प्रत्येक फोटोत शेपूट मिटलेली! गावी शिंजीर निदान फुलावर बसून रस प्यायचा, हा हवेतच तरंगतो. शेपूट उघडलेली टिपायला कॅमेऱ्याचा शटर स्पीड किती ठेवू? उडण्याच्या ढंगावरून खात्रीनं ओळखता येतो का? कृपया सांगा, तो कधी निघून जाईल सांगता येत नाही.