लेक लुईस, कापडी टपाची व्हॅन: बुकिंग बदलायचं का? आज रात्रीच सांगा

नमस्कार सगळ्यांना,
टिळक नगरवाले दादा, तुम्ही हा मेल बघाच. मुलीनी कॅनडात कॅल्गरीला जी व्हॅन घेतलीय तिचा टप वर उचलतो आणि वरच्या बाजू कापडाच्या आहेत. सासूबाई आणि मी खाली झोपणार, मुलगी-जावई वर. लेक लुईसला तीन रात्री हार्ड-साइडेड कॅम्पग्राउंड (पक्क्या भिंतींच्या गाड्यांचा तळ) घेऊन ठेवलंय आणि आता मुलगी म्हणते तिथे कापडी काही चालत नाही. टप खालीच ठेवला तर? आपल्याकडे साडेनऊ म्हणजे तिथे सकाळचे दहा, तेव्हा ती फोन लावणार आहे.
लोकमान्य नगर

ताई, बदलूनच घ्या. तिथे तंबू आणि कापडी ट्रेलरला बंदी आहे, कारण तो भाग ग्रिझली अस्वलांच्या जाण्यायेण्याचा. तंबू आणि कापडी गाड्यांसाठीचं सॉफ्ट-साइडेड कॅम्पग्राउंड जवळच आहे, त्याला चारी बाजूंनी विजेच्या तारेचं कुंपण आहे. टप खाली ठेवून चौघं कुठे मावणार, आणि दारावर जाऊन वाद घालायचा तर सासूबाईंना घेऊन दुसरी जागा कुठे शोधणार? आम्ही कुंपणात दोन रात्री राहिलो, आईला अगदी निर्धास्त झोप लागली, फक्त मालगाड्या जवळून जातात त्याचा आवाज येतो. कापूस न्या कानाला.
टिळक नगर

कुंपण असलं तरी फोडणीचं काय ते कोणी सांगितलंच नाही. जॅस्परला मी पिठलं केलं, जेवून दहा मिनिटं बाहेर बसले तर तिथली गस्तीवरची मुलगी आली आणि रिकामा कुकर, भांडी पुसायचं फडकं, सगळं आत ठेवायला लावलं. टूथपेस्टसुद्धा बाहेर नको म्हणाली. तिचं बरोबरच होतं. वासाला सोकावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांत येतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो. म्हणून भाजणी, मेतकूट, लाडू असं न्या, पोह्यांना तेल कमी, आणि जिरावणाची पुडी नीट बंद डब्यात.
रामबागची काकू

मंडळी, अशा चौकशा सहल समितीकडे पाठवायच्या हे मागच्या बैठकीत ठरलं होतं. कागद आम्ही तेव्हाच केलाय: अस्वल, लांडगा यांच्यापासून १०० मीटर, एल्क (तिकडचं मोठं हरीण) आणि इतर हरणांपासून ३० मीटर. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) विमानात केबिनमध्येही चालत नाही, सामानातही नाही, म्हणून कॅल्गरीत उतरल्यावर घ्यायचा, आणि तो बॅगेच्या तळाशी नाही, कमरेला हवा. कागद सगळ्यांना पुन्हा पाठवतो.
सहल समिती

समितीचा कागद चांगला आहे, पण ताईंना आज रात्री उत्तर हवंय, बैठकीची वाट कोण बघणार? आणि त्या कागदात सप्टेंबर नाहीये. सप्टेंबरात एल्कचा माजाचा हंगाम असतो, नर अंगावर येतो. आमच्या व्हॅनच्या आणि संडासाच्या मधे एक उभा राहिला, सांबराहून कितीतरी मोठा, शिट्टीसारखा ओरडत होता, चाळीस मिनिटं आम्ही दार उघडलं नाही. इथे इंदूरच्या रालामंडल अभयारण्यात हरणं बघायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे आधी समजावून सांगा, ती मोबाइल घेऊन जवळ धावतात.
सुदामा नगर

समितीच्या कागदाबद्दल काही म्हणणं नाही हो, मी फक्त पिठल्याचं सांगत होते. एल्कसाठी आम्हीही थांबलो होतो, गाडीतच.
रामबागची काकू

सगळ्यांचे खूप आभार, मी रडकुंडीला आले होते. मुलीनी सॉफ्ट-साइडेडमधे दोन रात्री मिळवल्या, तिसरी नाही. सासूबाईंना कुंपणाचं सांगितलं तर म्हणाल्या, मग मी येते. स्प्रे जावई घेऊन ठेवतोय, कागदाची प्रिंट काढलीय, भाजणी उद्या भाजते. आता तिसरी रात्र राहिली. पुढे आइसफील्ड्स पार्कवेनी जॅस्पर, लेक लुईसपासून २३० किलोमीटर, एका दिवसात सासूबाईंना झेपेल, पण त्याआधी एक रात्र बॅन्फला टनेल माउंटनच्या कॅम्पग्राउंडवर काढावी असं वाटतंय. तिथे अशी टप उचलणारी व्हॅन घेऊन कोणी राहिलंय का? उद्या साडेनऊच्या आत कळवा.
लोकमान्य नगर