'बान्माल'ला मराठीत काय म्हणायचं? होमटाउन चा-चा-चा बघताना पडलेला प्रश्न

होमटाउन चा-चा-चा मी सध्या दुसऱ्यांदा बघतेय, 2021 ची कोरियन मालिका, 16 भाग, नेटफ्लिक्सवर आहे. पहिल्या वेळी सगळं लक्ष सबटायटलवर होतं, या वेळी गोष्ट माहीत असल्यामुळे कान मोकळे होते आणि मग लक्षात आलं की ह्ये-जिन आणि दू-शिक यांच्यात जे काही घडतं त्यातलं निम्मं तर क्रियापदाच्या शेपटात घडतंय आणि ते सबटायटलमध्ये येतच नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ह्ये-जिन (शिन मिन-आ) सोलमधली डेंटिस्ट, नोकरी सोडून गोंगजिन नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात दवाखाना टाकते. गाव काल्पनिक आहे, शूटिंग पोहांग भागात झालंय. तिथे दू-शिक (किम सन-हो) हा गावाचा 'होंग बान्जांग', पडेल ते काम करणारा आणि प्रत्येक कामाचे फक्त किमान वेतनाने पैसे घेणारा, तासाला 8,720 वोन, तेव्हाचा तिथला सरकारी दर तोच होता. तर हा माणूस गावातल्या सगळ्यांशी, अगदी ऐंशीच्या आजीशीसुद्धा, बान्मालमध्ये, म्हणजे आदर न लावता, बोलतो. ह्ये-जिनशीही पहिल्या भेटीपासून. आणि तिला ते जाम खटकतं.

बान म्हणजे अर्धं, माल म्हणजे बोलणं. क्रियापदाच्या शेवटी 'यो' लावलं की साधा आदर येतो, तो काढला की बान्माल. याच्या उलट आदराचं बोलणं ते जोंदेन्माल. आता मला सांगा याला मराठीत काय म्हणायचं? मी 'अरेतुरे' म्हणत होते पण त्यात भांडणाचा वास येतो असं वाटायला लागलंय.

—

अरेतुरे चुकीचं नाहीये ताई, पण तो शब्द दोन्हीकडून कापतो. 'तो अरेतुरेवर आला' म्हटलं की भांडण, आणि 'आमचं अरेतुरेचं नातं आहे' म्हटलं की जवळीक. क्रियापद बदललं की अर्थ उलटा. मला वाटतं नेमका शब्द 'एकेरी' आहे. एकेरी बोलणं, एकेरीवर येणं, एकेरी हाक. त्यांचं अर्धं ते आपलं एकेरी, आणि आपल्याकडेही सगळा खेळ क्रियापदाचाच असतो की, 'जेवलीस का' आणि 'जेवलात का' यात तू-तुम्ही उच्चारायची गरजच पडत नाही.

एक माहिती भर घालतो. कोरियनमध्ये आदराच्या बोलण्यावरून एकेरीवर यायला 'माल्-उल नोता' म्हणतात, शब्दशः बोलणं खाली ठेवणं किंवा सोडणं. हातात धरलेलं जड काहीतरी खाली ठेवल्यासारखं. आणि ते सहसा विचारून केलं जातं, की आता आपण बोलणं सोडूया का. आपल्याकडे 'अहो-जाहो काय करतेस, तू म्हण ना' हे असतंच, पण त्या क्षणाला आपल्याकडे नाव नाही. त्यांच्याकडे आहे.

—

एकेरी एकदम पटलं!! धन्यवाद. आणि ते विचारून करायचं असतं हे कळल्यावर तिचा राग आता नीट कळतो, कारण दू-शिक विचारत नाही, त्याने आपलं आधीच खाली ठेवलेलं असतं. मग काही दिवसांनी तीही ठेवते, पण प्रेमाने नाही तर चिडून, तू मला एकेरी तर मी पण तुला एकेरी. म्हणजे यांचं एकेरी आधी भांडणातलं आणि मग हळूहळू जवळिकीतलं होत जातं, आणि क्रियापदाचं रूप तेच राहतं. इतक्या रोमँटिक कॉमेडी बघितल्या पण हे असं उलट्या बाजूने आलेलं कमी दिसलं, बाकी ठिकाणी बहुतेक आदर मग ओळख मग प्रेम मग एकेरी अशी शिडी असते.

—

मी मालवणकडची, मला तर दू-शिकचं बोलणं उद्धट वाटलंच नाही. आमच्याकडे आजोबांना पण 'तू'. आणि आमचं सोडा, अख्ख्या महाराष्ट्रात आई आणि आजीला कोण अहो म्हणतं? 'आजी तू जेवलीस?' असंच ना. बाबांना अहो, आईला अगं. देवाला सुद्धा तूच, विठोबाला कुणी 'आपण' म्हणत नाही.

म्हणून तो जेव्हा गाम्री आजीला (किम यंग-ओक, काय काम केलंय त्यांनी) एकेरीत बोलतो आणि वर नावाने हाक मारतो, 'गाम्री-शी', तेव्हा मला तो लाडावलेला नातूच दिसला. त्याचे आईवडील लहानपणी गेले, आजोबांनी वाढवलं, मग तेही गेले आणि त्यानंतर गावाने आलटून पालटून जेवू घातलं. ज्या गावाने वाढवलं त्या गावाला एकेरीच बोलणार ना माणूस. तो सगळ्यांना खाली नाही ओढत, सगळ्यांना घरचं करतोय. 'शी' हे आदराचं शेपूट लावतो ते मात्र गंमतशीर आहे, म्हणजे आपलं 'गाम्रीबाई, जेवलीस का गं' असं काहीतरी. बाई पण आणि गं पण. हे मराठीत अगदी जसंच्या तसं बसतं बघा.

—

'गाम्रीबाई, जेवलीस का गं' वाचून डोळ्यांसमोर तो ओटाच आला.

मग हाकेचंच विचारते. दू-शिक ह्ये-जिनला कित्येक भाग 'छीक्वा' म्हणतो. सबटायटलमध्ये डेंटिस्ट येतं पण छीक्वा म्हणजे डेंटिस्ट नव्हे, दातांचा दवाखाना! म्हणजे तो तिला 'ए दवाखाना' अशी हाक मारतोय. आपल्याकडे 'ओ मास्तर', 'ओ डॉक्टर', 'ओ रिक्षा' असतं, त्यातलं 'ओ रिक्षा' सगळ्यात जवळचं, कारण तिथे आपण माणसाला नाही, त्याच्या वस्तूला हाक मारतो. आणि ती त्याला 'होंग बान्जांग' म्हणते, म्हणजे दोघंही एकमेकांना नावाने नाही तर पदाने आणि पाटीने ओळखतायत आणि तरी बोलतायत एकेरी. म्हणून पुढे त्याच्या तोंडून जेव्हा तिचं साधं नाव येतं ना, तेव्हा मला आपला उखाणा आठवला, एरवी जे नाव घ्यायचं नाही ते सगळ्यांसमोर एकदा घ्यायचं त्याची जी धडधड असते ती.

आणि बान्जांगला काय म्हणू? मी घरी सांगताना 'हरकाम्या' म्हटलं.

—

हरकाम्या नको. हरकाम्या म्हणजे सांगतील ते काम करणारा गडी, शब्दात कमीपणा आहे. दू-शिककडे नाना प्रकारची लायसन्सं आहेत, प्लंबिंगपासून घराच्या दलालीपर्यंत, आणि काम आवडलं नाही तर तो सरळ नाही म्हणतो. त्याला हरहुन्नरी म्हणा.

पण बान्जांगचा अर्थ हरहुन्नरी पण नाही. कोरियात शहराचा वॉर्ड म्हणजे दोंग, त्याच्या पोटात तोंग आणि तोंगच्या पोटात बान, सगळ्यात छोटा तुकडा. त्या बानचा प्रमुख तो बान्जांग. शाळेतल्या वर्गाच्या मॉनिटरलाही बान्जांगच म्हणतात. म्हणजे हुद्दा अगदी पिटुकला, आपल्याकडे 'वाडीचा पुढारी' म्हणता येईल. याच गोष्टीवर 2004 चा सिनेमा आहे ज्यावरून ही मालिका केली, त्याचं कोरियन नाव लांबलचक आहे, 'कुठेतरी कुणाला काही झालं तर हमखास हजर होतो होंग बान्जांग' असा अर्थ. आपल्याकडे प्रत्येक आळीत असा एक असतो, लग्न असो मयत असो तो आधी पोचलेला असतो, पण त्याला एक शब्द नाही, 'अडीनडीला धावणारा' असं वाक्यच म्हणावं लागतं.

—

मला ओप्पाबद्दल विचारायचंय. मुलगी मोठ्या भावालाही ओप्पा म्हणते आणि बॉयफ्रेंडलाही, माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही, ती म्हणते दादा म्हणून हाक मारायची आणि मग लग्न?

—

त्याचं भाषांतर करूच नये. नात्याचा शब्द आहे पण नातं वयाचं आहे, रक्ताचं नाही. आईंना सांगा की आपल्याकडे 'अहो' पण नवऱ्यालाही आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही चालतं, फरक सुरात असतो. तसं.

होमटाउन मध्ये तो पीडी, म्हणजे टीव्ही कार्यक्रमांचा दिग्दर्शक, आहे ना सियोंग-ह्यन, तो ह्ये-जिनचा कॉलेजमधला सीनियर, ती त्याला 'सनबे', म्हणजे सीनियरच, म्हणते. मला वाटतं तो बिचारा त्या हाकेतच अडकून राहिला. इतका चांगला, इतका समजूतदार, मनातलं सांगायला वर्षं लावतो. सनबे म्हटलं की माणूस एक पायरी वर जाऊन बसतो आणि मग खाली यायचं कसं हे त्याला कळत नाही.

—

सियोंग-ह्यनसाठी मीही हळहळले.

आता आणखी एक शब्द, जॉंग. हा शब्द कोरियन लोकांच्या फार जवळचा. प्रेम नाही, मैत्री नाही, दया नाही. सहवासाने माणसात, जागेत, जुन्या वस्तूतसुद्धा जे मुरतं ते. सबटायटलवाले कधी आपुलकी, कधी प्रेम, कधी चक्क काहीच लिहीत नाहीत. मी 'लळा' सुचवते.

—

लळा लागतो हे क्रियापद बरोबर बसतं, कारण जॉंग पण आपण करत नाही, ते 'देउल्दा' म्हणजे आत येतं, मुरतं. कापडाला रंग चढतो त्यालाही हेच क्रियापद. पण लळा आपण लहान मुलांचा, मांजराचा म्हणतो. दोन मोठ्या माणसांना एकमेकांचा लळा लागला हे जरा गोड होतं. 'जीव लागणे' किंवा 'माया लागणे' बघा.

शिवाय जॉंगचे दोन प्रकार मानतात, 'गोऊन जॉंग' आणि 'मीऊन जॉंग'. गोऊन म्हणजे गोड सहवासातली माया आणि मीऊन म्हणजे राग येता येता, तिटकारा करता करता जी जडते ती माया. आपल्याकडे पन्नास वर्षं रोज भांडणारं म्हातारा-म्हातारी असतात, एक गेलं की दुसरं महिन्यात खंगतं, ती मीऊन जॉंग. याला मराठीत एक शब्द नाही पण चित्र लगेच कळतं. ह्ये-जिन आणि दू-शिकचं सुरुवातीचं सगळं हेच आहे. ती माईक चालू राहिलाय हे न कळून फोनवर गावाबद्दल नाही नाही ते बोलते आणि सगळं गावभर ऐकू जातं, तेव्हा तो तिच्यावर वैतागतो पण गावात जमवून घ्यायला शिकवतोही तोच. (त्या प्रसंगाला कोरियनमध्ये म्हणतील तिला 'नुन्ची' नाही. त्याला मात्र मराठीत सोन्यासारखा शब्द आहे, पाचपोच. तिला पाचपोच नाही.)

आणि जॉंगचं उलट काय? 'जॉंग तोरोजिदा', जॉंग गळून पडणे. त्याला आपलं 'मनातून उतरणे' इतकं चपखल बसतं की मी उठून बसलो होतो. गावातली ह्वा-जॉंग आणि तिच्या नवऱ्याचा घटस्फोट आठवा, दिसायला कारण उलटे काढून टाकलेले मोजे, खरं कारण ते नाही, तो केव्हाच मनातून उतरलाय.

—

मनातून उतरणे! वा. आणि शेवटी तो परत मनात चढतो असं मात्र आपण म्हणत नाही, त्यासाठी 'पुन्हा जुळलं' असं म्हणावं लागेल, आणि त्यांचं जुळतं.

हे सगळं वाचून मी काल शेवटचे दोन भाग परत लावले. ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडा. गाम्री आजी झोपेत जाते. दू-शिक सगळं करतो, लोकांचं बघतो, उभा राहतो, आणि रडत नाही. तेव्हा मला माझ्या मूळ प्रश्नात काय राहिलं होतं ते सापडलं. मी एकेरी म्हणजे जवळीक असं धरून चालले होते. पण हा माणूस गावभर एकेरी बोलतो आणि सोलमधल्या त्या पाच वर्षांबद्दल कुणाला एक अक्षर सांगत नाही, गावात ते कोडं होऊन बसलंय. ह्ये-जिनने स्वतःहून 10 व्या भागात सांगून टाकलं की मी 99 वर्षांपर्यंतचं आयुष्य आखून ठेवणारी बाई, आपलं काहीच जुळत नाही, तरी मला तू आवडतोस. तिला एकेरीवर यायला वेळ लागला पण आतलं बोलायला नाही लागला. त्याचं बरोबर उलट, बोलणं त्याने केव्हाच खाली ठेवलंय आणि ओझं तसंच उचललेलं.

मराठीत यासाठी एकाच शब्दाच्या दोन जागा आहेत आणि मला त्याचा फार अभिमान वाटला, 'मोकळं बोलणे' आणि 'मन मोकळं करणे'. बोलायला मोकळा असलेला माणूस मनाने मोकळा झालेला असतोच असं नाही. आजीने मागे ठेवलेली चिठ्ठी वाचून तो जो फुटतो, आणि ह्ये-जिन फक्त जवळ बसते, तिथे तो मोकळा होतो. तिच्यात झालेला बदल मला पहिल्या वेळीच दिसला होता, जी बाई आजीला आधी फटकळ बोलते आणि मग खर्चाला घाबरून दुखणं अंगावर काढणाऱ्या त्याच आजीचे दात अगदी कमी पैशात करून देते, तिचं माणसात येणं दिसतंच. याचं मोकळं होणं मात्र मला दुसऱ्यांदा बघितल्यावर कळलं.

मीऊन जॉंगला एक शब्द अजून हवाच आहे. विदर्भाकडचे, खानदेशातले कुणी असाल तर सांगा, तुमच्या आजी काय म्हणायच्या?

—

खानदेशातला एक शब्द नाही माहीत पण माझी आजी आजोबांबद्दल म्हणायची, 'खोड मोडली नाही पण सवय लागली.' चालेल का बघा.