एपोलेट : स्कंधभूषण, स्कंधचिन्ह की खांदापट्टी?

जुन्या युरोपीय लष्करी गणवेशांच्या खांद्यांवर दिसणाऱ्या सोनेरी झालरीच्या एपोलेटला मराठीत सरसकट ‘स्कंधभूषण’ म्हणणे मला पटत नाही, कारण त्यामुळे ती वस्तू निव्वळ शोभेची असल्याचा समज होतो. ‘खांदा’ या अर्थाच्या ‘एपोल’ या फ्रेंच शब्दाचे हे लघुत्ववाचक रूप असून त्यात ना भूषणाचा अर्थ आहे, ना हुद्द्याचा. शस्त्राचा किंवा काडतुसांच्या पेटीचा पट्टा खांद्यावरून घसरू नये म्हणून लावलेल्या फितीतून ही वस्तू घडत गेली आणि अठराव्या शतकात फ्रेंच सैन्याने तिच्यावरून अधिकाऱ्यांचे हुद्दे ओळखण्याची पद्धत रूढ केली. १७८० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मेजर जनरलच्या एपोलेटवर दोन आणि ब्रिगेडिअर जनरलच्या एपोलेटवर एक तारा असावा, असा आदेश काढला.

ब्रिटिश नौदलाचा १७९५ चा नियम तर फार बोलका आहे. कमांडरला डाव्या खांद्यावर एक, तीन वर्षांहून कमी सेवा झालेल्या कॅप्टनला उजव्या खांद्यावर एक आणि त्याहून ज्येष्ठ कॅप्टनला दोन्ही खांद्यांवर एपोलेट मिळे. म्हणजे रिकामा खांदासुद्धा अर्थपूर्ण होता. याच नौदलातील नेल्सन (नंतरचे प्रसिद्ध नौसेनापती) मात्र १७८३ मध्ये फ्रान्समध्ये असताना एपोलेट लावलेल्या दोन इंग्रज कॅप्टनांना नटवे समजले होते!

‘स्कंधचिन्ह’ हा शब्द हुद्दा सांगतो, पण त्याने पट्टी, तिच्या टोकाची धातूची चंद्रकोर आणि तिच्याखाली लोंबणारी झालर ही रचना डोळ्यांपुढे येत नाही. ही झालरही अर्थहीन नव्हती, कारण वरिष्ठांची झालर जाड पिळाच्या जरीची, तर कनिष्ठांची बारीक असे. झालर नसलेल्या प्रकाराला फ्रेंचमध्ये ‘काँत्र-एपोलेत’ असे वेगळे नाव आहे.

म्हणून पूर्ण रचनेच्या वस्तूसाठी ‘एपोलेट’ हाच शब्द ठेवावा आणि साध्या, सपाट प्रकारासाठी ‘खांदापट्टी’ वापरावा, असे मला वाटते. रशियन इतिहासाच्या अनुवादात हा भेद विशेष जपायला हवा, कारण तेथे ‘एपोलेत’ आणि ‘पगोन’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. १९१७ च्या क्रांतीनंतर रद्द झालेले आणि १९४३ मध्ये लाल सैन्यात परत आलेले ते पगोन होते, म्हणजेच खांदापट्ट्या.