चर्चा: हॅलोविन साउइनचं की चर्चचं?

वाटसरू
ऑक्टोबर संपत आला की तीच गोष्ट पुन्हा ऐकू येते: आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक लोकांचा, १ नोव्हेंबरच्या सुमाराचा साउइन सण चर्चने बळकावला आणि त्याचं हॅलोविन, म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र, केलं. मला हे अजिबात पटत नाही. इ.स. ८०० च्या सुमारास इंग्लंड आणि जर्मन मुलखातली चर्चेस सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला पाळत होती, तर आयर्लंडमध्ये तोच दिवस २० एप्रिलला होता. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय. साउइन ज्यांचा, त्यांच्याच देशात तारीख वेगळी, मग बळकावलं कुणी आणि कुणाचं? हॅलोविनला पोरं खाऊ मागत दारोदार फिरतात, त्याचं मूळही चर्चकडेच जातं. इंग्लंडमध्ये गोरगरीब घरोघर जाऊन 'सोल केक' (मेलेल्यांच्या नावाने केलेले छोटे केक) मागत आणि त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत.

डब्लिनकर
तारखेचं मान्य, निष्कर्ष नाही. नेरा नावाच्या वीराची जुनी आयरिश कथा वाचा. साउइनच्या रात्री राजा ऐलिल पैज लावतो: फासावर लटकवलेल्या कैद्याच्या पायाला वेताचा फास कोण अडकवेल? नेरा जातो, तर प्रेत म्हणतं, तहान लागलीय. नेरा त्याला पाठुंगळी घेऊन घरं शोधतो. पहिल्या घराभोवती आग, दुसऱ्याभोवती पाणी. तिसऱ्या घरात उष्टंखरकटं पाणी तसंच राहिलेलं. ते पिऊन प्रेत शेवटची चूळ घरच्यांच्या तोंडावर मारतं आणि सगळे मरतात! त्या रात्री मेलेले दारात येतात, घर आवरलेलं नसेल तर आत शिरतात. यात संत कुठे आहेत, सांगा.

वाटसरू
कथा जबरदस्त आहे, वादच नाही. पण ती आपल्यापर्यंत आली ख्रिस्ती लेखनिकांच्या हातून. त्यातलं मूळचं किती आणि त्यांच्या मनातलं किती, हे कसं वेगळं काढणार?

वसईची_पोर
आमच्याकडे २ नोव्हेंबरला, चर्चच्या मृतांच्या दिवशी, अख्खं गाव कबरस्तानात असतं. कबरी आधीच धुऊन ठेवलेल्या, वर झेंडूचे हार, मेणबत्त्या आणि फादरांची प्रार्थना. भोपळा नाही की मुखवटा नाही. म्हणून मला वाटतं, मेलेल्यांची आठवण चर्चची, भीती आणि सोंगं मात्र तिकडच्या मातीतली. वाटसरू, सोल केकने सगळं सुटत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून भेसूर तोंडाचे कंदील करत, अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला. हे कुठल्या प्रार्थनेत बसतं?

वाटसरू
ताई, त्या कंदिलांचे पुरावे बरेच अलीकडचे आहेत. त्यावरून दोन हजार वर्षं मागे उडी मारता येत नाही.

डब्लिनकर
मग स्कॉटलंडचं बघा. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे देश कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झाल्यावर, तिथे संतांचे दिवस आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थना दोन्ही बंद झाली. तरी स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स १७८५ च्या हॅलोविनवरच्या कवितेत काय लिहितो? त्या रात्री जोडपी ठरवायला चुलीत हेझलनट टाकतात. दोन्ही शेजारी शांत जळले तर संसार सुखाचा, एखादा उडाला तर मोडला. पोरंपोरी डोळे मिटून केलची (कोबीसारखी पालेभाजी) रोपं उपटतात आणि देठ सरळ की वाकडा, यावरून जोडीदार ओळखतात. चर्चने सोडून दिल्यावरही सव्वादोनशे वर्षं लोकांनी ती रात्र धरून ठेवली. ती मुळात चर्चचीच असती, तर कशाला धरली असती?

वाटसरू
लोकांनी धरून ठेवली, हे शंभर टक्के खरं. पण लोकांची म्हणजे ख्रिस्तपूर्व, हे यातून निघत नाही. हेझलनटचा खेळ साउइनला खेळत असा एक तरी जुना उल्लेख दाखवा, मी मत बदलेन.