जुन्या बोलेरो पिकअपचे ॲव्हरेज घटले आहे, खर्चाची सुरुवात कोठून करावी?

धागाकर्ता

नमस्कार. आमच्याकडे २०१७ साली घेतलेली महिंद्रा बोलेरो पिकअप आहे; बीएस-४, २५२३ सीसीचे कॉमन रेल डिझेल इंजिन. मीटर तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेला आहे. नारायणगावहून टोमॅटो व भाजीपाला भरायचा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण या मार्गाने वाशीच्या बाजार समितीत उतरवायचा आणि रिकामी कॅरेट घेऊन परतायचे, हा गाडीचा नेहमीचा क्रम आहे. पूर्वी ही गाडी लिटरला बारा-तेरा किलोमीटर देत असे, आता ते दहाच्या आसपास आले आहे. चढाला थोडा काळा धूर दिसतो, मात्र इंजिन ऑइल कमी होत नाही. एका गॅरेजमध्ये इंजिनकाम (इंजिन खोलून झिजलेले भाग बदलणे) करण्यास सांगितले, दुसरीकडे चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलण्यास, आणि एक विक्रेता डिझेलच्या पाइपवर बसवायचे चुंबकाचे यंत्र घेण्याचा आग्रह करतो आहे. गाडीचे हप्ते फिटले आहेत आणि ती आणखी काही वर्षे वापरायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

चुंबकाचे यंत्र घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि त्यांपैकी एकानेही मायलेजमध्ये लक्षणीय वाढ होत असल्याचे आढळले नाही. इंजिनकामाचा निर्णयही तूर्त बाजूला ठेवा, कारण जुन्या गाडीचे ॲव्हरेज बहुतेक वेळा इंजिनाच्या आत नव्हे, तर इंजिन आणि रस्ता यांच्यामध्ये कोठेतरी हरवलेले असते, आणि तेथील दुरुस्ती तुलनेने फार स्वस्त असते.

प्रथम मोजमाप पक्के करा. एकाच पंपावर, गाडी सपाट जागी उभी करून, पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरायची, मीटर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तसेच भरून किलोमीटरला लिटरने भागायचे. अशा अनेक टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. येथे टायरचाही हिशोब धरावा लागतो. मूळ टायर २१५/७५ आर १५ मापाचे असतील, तर त्यांचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवले, तर तो ७३४ होतो आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा चार टक्के कमी किलोमीटर दाखवू लागतो. गुळगुळीत टायर काढून त्याच मापाचे नवे घातले, तरी दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणजे काही वेळा घटलेले ॲव्हरेज केवळ कागदावर घटलेले असते.

त्यानंतर हवा. टायरमधील हवा पाव हिस्सा कमी असेल, तर इंधनाचा खर्च पाच ते दहा टक्क्यांनी वाढतो, असे पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था सांगत आली आहे. टायर थंड असताना, गाडीच्या तक्त्यावर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे असतात, हे विसरू नका.

हवा ठीक असेल, तर ब्रेक जाम आहेत का ते पाहा. मुरबाडच्या पुढे सपाट रस्त्यावर काही अंतर ब्रेक फारसा न दाबता चालवा, गाडी बाजूला घ्या आणि चारही चाकांच्या हबजवळ पंजाची मागची बाजू न टेकवता धरा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक गरम लागले, तर तेथे ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग अति घट्ट झाले आहे. मग जॅक लावून ते चाक उचला आणि हाताने फिरवा. मागच्या ड्रममध्ये लायनर घासल्याचा सतत आवाज येत असेल, तर हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहिली असण्याची शक्यता मोठी आहे. पावसाळ्यानंतर हा दोष हमखास सापडतो. व्हील अलाइनमेंटही त्याच दिवशी करून घ्यावी.

यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारी झडप, आणि या मुद्द्यावर माझा सर्वाधिक भर आहे. गाडी एकदा गरम झाली की रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची सवय आपल्याकडे अनेक गॅरेजांना आहे. त्यामुळे इंजिन तापत नाही, हे खरे. पण ते योग्य तापमानालाही पोहोचत नाही. ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते, ज्वलन अपुरे होते आणि इंजिन अजून थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्यानुसार डिझेल देत राहतो. तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर, पंखा आणि पट्ट्यापासून अंतर राखून, हात ठेवा. थर्मोस्टॅट नीट असेल, तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. सुरुवातीपासूनच तो हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा तो जागेवरच नाही.

काळ्या धुराचा अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, असा आहे. एअर फिल्टर पाहा आणि टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) व तेथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज हाताने दाबून, वळवून तपासा. क्लॅम्पच्या कडेला तेलाचा ओला डाग आणि चढाला फुसकारल्यासारखा आवाज, ही होज फाटल्याची खूण आहे. डिझेल फिल्टरमधील पाणी नियमित काढत जा.

नोझलबाबत इतकेच की चारही एकदम बदलू नयेत. चारही नोझलांच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन काही वेळ चालवले की कोणाचे परतीचे डिझेल अधिक येते ते दिसते. जी बाटली आधी भरते, तेवढीच नोझल खोलून पंप-नोझलच्या दुकानात बेंचवर तपासून घ्यावी.

प्रतिसाद २

मी याच रस्त्याने माल नेतो, त्यामुळे फक्त चालवण्याविषयी लिहितो. माळशेज उतरताना डिझेल वाचेल या समजुतीने काही चालक गाडी न्यूट्रल करतात. हे जिवावर बेतणारे आहे आणि यात डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की कॉमन रेल इंजिनाचा डिझेलपुरवठा बंद होतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. शिवाय भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येऊन ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक मिळेनासा होतो.

परतीच्या प्रवासात वजन नसते, म्हणून वेग वाढतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे साठऐवजी ऐंशीने चालवल्यास तो पावणेदोन पटीहून अधिक होतो. त्यात रिकाम्या कॅरेटची चळत केबिनच्या वर दोन-तीन थर गेलेली असेल आणि ताडपत्री फडफडत असेल, तर रिकामी गाडीसुद्धा भरल्यासारखी डिझेल खाते. एकात एक बसणारी कॅरेट असतील तर ती तशी रचून चळत केबिनच्या उंचीच्या आत ठेवावी आणि ताडपत्री ताणून बांधावी. वाशीला रांगेत असताना इंजिन बंद ठेवण्याचाही फायदा महिन्याच्या हिशोबात दिसतो.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. वरचा होज पहिल्यापासूनच कोमट होऊ लागला, म्हणून हाउसिंग उघडले. आत थर्मोस्टॅट नव्हताच. मागच्या डाव्या चाकाची हँडब्रेक केबलही अडकलेली निघाली. दोन्ही कामे करून घेतली असून रेडिएटरही साफ केला आहे, ॲव्हरेज अजून मोजायचे आहे. गॅरेजवाले आता ईजीआर (जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था) पत्रा लावून बंद करण्यास सांगत आहेत. ते करावे का?

प्रतिसाद १

बंद करू नका, साफ करून घ्या. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तर काळा धूर येतो व ओढ कमी होते, आणि स्वच्छ केल्यावर ही तक्रार दूर होते. पत्रा लावल्यास नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण वाढते. पीयूसीमध्ये डिझेल गाडीचा केवळ धूर मोजला जात असल्याने ते तेथे पकडले जात नाही, पण ती हवा कल्याण-वाशीच्या रस्त्यावर आपण आणि इतर माणसे श्वासात घेत असतो.

अपेक्षा किती ठेवावी हेही सांगतो. महिन्याला तीन हजार किलोमीटर धावणारी गाडी दहावरून बारावर आली, तर ३०० लिटरच्या जागी २५० लिटर लागतील. डिझेल ९० रुपये धरले, तरी ती साडेचार हजारांची बचत आहे. पुढील टाक्यांत एवढे साधले, तर नोझललाही हात लावू नका. नाही साधले, तर नोझलचे परतीचे डिझेल तपासा. त्यानंतरही फरक पडला नाही, तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजून घ्या आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल करून आतून जोराने वाफ येते का ते पाहा. वाफ येत नसेल आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे असेल, तर ऑइल न पिणाऱ्या या इंजिनाचे काम करण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही.