शब्दचर्चा: कुरळ्या केसांच्या वर्गासाठी शब्द हवेत (‘टेक्श्चर’, ‘राठ’, ‘जाड’, ‘बारीक’ वगैरे)

वेणीफणी

परळला केशकर्तन शिकवणाऱ्या एका छोट्या वर्गात मी थिअरी घेते. मुलंमुली लालबाग, शिवडी, घाटकोपर, पार कल्याणपलीकडून येणारी, बहुतेक मराठी शाळेत शिकलेली. कात्री-कंगवा हातात लवकर बसतो, पुस्तक मात्र इंग्रजी. म्हणून मराठीत टिपणं काढायला घेतली आहेत. केसाची रचना, शाम्पू, कलर इथपर्यंत गाडी नीट गेली. अडली ती ‘टेक्श्चर्ड हेअर’पाशी.

या धंद्यातल्या इंग्रजीत हा शब्द नागमोडी केसांपासून अगदी घट्ट वळ्यांच्या आफ्रिकी केसांपर्यंत सरसकट चालतो. सरळ नाहीत ते सगळे यात आले. टेक्श्चर म्हणजे पोत, म्हणून मी ‘पोतयुक्त केस’ लिहिलं. वर्गात वाचून दाखवल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, पोत्यासारखे?”

पण खरी अडचण या एका शब्दाची नाही. कुरळ्या केसांना नावं ठेवायला मराठीत झिंज्या, झिपऱ्या, राठ, जंगल असे भरपूर शब्द आहेत. त्यांच्यावर काम करताना लागणारे शब्द सापडत नाहीत. आमच्या पुस्तकात तर कुरळ्या केसांचं पहिलं दर्शन होतं तेच स्ट्रेटनिंगच्या प्रकरणात! म्हणजे आजाराची ओळख औषधाच्या बाटलीवरून. सलूनमध्ये काम करणाऱ्यांनी आणि भाषेवाल्यांनी, दोघांनीही मदत करावी.

गिरगावकर

‘पोत’ नको. कापडाला पोत असतो, जमिनीला असतो, गाणाऱ्याच्या आवाजाला असतो. सुळसुळीत रेशमालाही पोत असतोच. मग सरळ केसांनाही पोत आहे, आणि फक्त कुरळ्यांनाच ‘पोत असलेले’ म्हणणं मराठीत निरर्थक होतं. इंग्रजीत तो शब्द आला कारण तिथले जुने शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हिणवायला वापरले गेले होते, त्यामुळे एक सभ्य, सपाट शब्द हवा होता. आपल्याकडे ‘कुरळे’ या शब्दाला तसा डाग नाही. तोच वापरा की.

अवांतर: ‘कुरळ’ आणि इंग्रजी ‘कर्ल’ यांचं ध्वनिसाम्य निव्वळ योगायोग आहे. कन्नडात ‘कुरुळु’ म्हणजे केसांची बट, तमिळमध्येही ‘कुरुळ्’ आहे. आपला शब्द दक्षिणेकडचा नातेवाईक.

कात्री_बोरिवली

गिरगावकर काका, सहमत. मी बोरिवलीत खुर्चीवर काम करते. गिऱ्हाईक कधीच ‘टेक्श्चर’ म्हणत नाही. “माझे केस जाड आहेत” म्हणतं. आता इथून गंमत सुरू होते. जाड म्हणजे काय? एकेक केस जाड, की डोक्यावर केस पुष्कळ? दोन्हीला आपण जाडच म्हणतो. “केस पातळ झाले” म्हणणारीचे नव्वद टक्के वेळा गळलेले असतात, म्हणजे ती संख्येबद्दल बोलत असते. (नव्वद टक्के हे बोलायची पद्धत म्हणून, मोजायला कोणी बसलं नाही.)

फरक का पडतो ते सांगते. एकेक केस अगदी नाजूक पण डोक्यावर भरपूर, अशी खूप कुरळी डोकी येतात. नवीन पोरगी झुपका बघते, “बाप रे, काय जाड केस” म्हणते आणि थिनिंगची (केस विरळ करायची) कात्री उचलते. किंवा कडक द्रावण लावते. झुपका दाट असतो, केस सोसणारा नसतो. मग तुटतो.

वेणीफणी

कात्रीताई, नेमकं हेच हवं होतं. दाट-विरळ हे संख्येसाठी ठेवलं आणि जाड-बारीक एकेका केसासाठी, तर जमेल?

कात्री_बोरिवली

‘बारीक’ चालणार नाही हो ताई! सलूनमध्ये “बारीक करा” म्हणजे छोटे कापा. जून महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आधी निम्मे बाप पोरांना आणून हेच सांगतात. टिपणात “बारीक केस असतील तर” लिहिलंत तर मुलं मशीन फिरवलेलं डोकं डोळ्यांसमोर आणतील.

गिरगावकर

मग ‘तलम’ घ्या. पोत नको म्हणालो, पण कापडाच्याच दुकानातून हा शब्द उचलायला हरकत नाही. तलम, मध्यम, भरड. भरड हा शब्दही चांगला, त्यात ‘राठ’सारखी नाराजी नाही.

वेणीफणी

तलम एकदम पसंत. भरडबद्दल जरा साशंक आहे, पिठाची गिरणी आठवते. तिथे ‘जाड’च ठेवते.

रसायन_मुलुंड

‘राठ’चा विषय निघालाच आहे म्हणून. राठ म्हणजे हाताला खरखरीत, कोरडा. हा स्पर्शाचा शब्द आहे, जाडीचा नाही. इंग्रजी पुस्तकातल्या ‘कोर्स’ला (coarse, म्हणजे जाड केस) राठ लिहिलंत तर चूक शिकवाल. तलम केसही राठ होऊ शकतो.

कुरळे केस राठ का लागतात याचं कारण टिपणात जरूर द्या. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून खाली उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते मुळापाशीच रेंगाळतं, टोकं कोरडी राहतात. शिवाय केसाचा छेद बघितला तर कुरळा केस गोल नसून लांबट, अंडाकृती असतो आणि त्याचं मूळही त्वचेत वाकडं बसलेलं असतं. म्हणजे कुरळेपणा जन्माचा, राठपणा तेलपाण्याचा. एक बदलता येत नाही, दुसरा येतो. दोन्हीला एकच शब्द वापरला की दुसऱ्याचा इलाज पहिल्यावर केला जातो.

‘पोरॉसिटी’ला सच्छिद्रता लिहू नका, असंही सुचवतो. बरोबर आहे, पण विहिरी खोदणाऱ्यांचा वाटतो. केसाच्या बाहेरच्या थराचे खवले उघडे असले की पाणी, रंग लवकर आत जातात आणि तितक्याच लवकर निघूनही जातात. आपण “केस तेल पितात” म्हणतोच.

कात्री_बोरिवली

“केस कलर पितात” हे आम्ही रोज म्हणतो. ‘पिणारे केस’ आणि ‘न पिणारे केस’. मुलांना लगेच कळेल. हसतील, पण कळेल.

मुरूडचा_माणूस

एक वेगळा मुद्दा. मूळ पोस्टमध्ये ‘आफ्रिकी केस’ आहे. त्याने असं वाटतं की हे केस म्हणजे परदेशी पाहुण्यांचे, मुंबईच्या सलूनला कधीतरी लागणारे. जंजिऱ्याचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतून आलेले, आमच्या शेजारचे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूरच्या बाजूला, गुजरातेत गीरजवळ जांबूरला सिद्दींची गावं आहेत, मुंबईत डोंगरीला जुनी वस्ती आहे. ही माणसं शतकानुशतकं इथलीच. शिवाय नालासोपारा, मीरा रोडला राहणारे नायजेरियन वेगळेच. टिपणात ‘आफ्रिकी’ ऐवजी केसाचं वर्णन करा: घट्ट वळ्यांचे केस. कुणाच्याही डोक्यावर असोत.

वेणीफणी

मान्य, बदलते. वर्गीकरणाचं मात्र काय करू? ओप्रा विन्फ्रीचे केस करणाऱ्या आंद्रे वॉकरने एक ते चार आकड्यांची पद्धत आणली: सरळ १, नागमोडी २, कुरळे ३, घट्ट वळ्यांचे ४. पुढे ए, बी, सी. मूळ मांडणीत ३सी आणि ४सी नव्हते, ते नंतर लोकांनी जोडले. मुलं हे आकडे इन्स्टावर शिकून येतात. “मॅडम, माझे थ्री-बी.” ती सोय आहे, पण आकड्यातून तलम की जाड, दाट की विरळ, पिणारे की न पिणारे, काहीच कळत नाही. आणि एकाच डोक्यावर मानेपाशी एक वळण, टाळूवर दुसरं, हे तर रोजचं.

कात्री_बोरिवली

आकडे तसेच ठेवा. भाषांतर करू नका. माल मागवताना आकडेच लागतात.

रसायन_मुलुंड

शब्दांच्या घोळातला सगळ्यात धोकादायक घोळ कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रीबाँडिंग, केराटिन. गिऱ्हाईक हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरतं. “मागच्या वर्षी केराटिन केलं होतं.” अहो, केराटिन हे केस ज्या प्रथिनाचा बनलेला आहे त्याचं नाव! ‘केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

रीबाँडिंगमध्ये साधारणपणे थायोग्लायकोलेटचं द्रावण केसातले डायसल्फाइड बंध (केसाचा आकार पक्का धरणारे गंधकाचे दुवे) तोडतं, गरम इस्त्रीने केस सरळ केला जातो आणि न्यूट्रलायझर ते बंध नव्या जागी पुन्हा जोडतो. आफ्रिकेत, अमेरिकेत घट्ट वळ्यांच्या केसांना लावतात तो रिलॅक्सर बहुधा हायड्रॉक्साइडचा: सोडियमचा किंवा ग्वानिडीनचा. तिथे बंधातला एक गंधक-अणूच निघून जातो, बंध पूर्ववत जोडला जात नाही. या दोघांचं एकमेकांशी वाकडं आहे. एकावर दुसरं लावलं की केस हातात येतो. आणि ‘केराटिन’ नावाच्या बऱ्याच द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. गिऱ्हाईक एकदा बसतं, मुलगी ते दिवसभर हुंगते.

म्हणून इथे मराठी शब्द बनवू नका. उलट इंग्रजी नावं वेगवेगळी, घोटून पाठ करून घ्या, आणि गिऱ्हाईकाला “काय केलं होतं?” न विचारता “वास कसा होता, किती वेळ ठेवलं, इस्त्री फिरवल्यावर पुन्हा काही लावलं का?” असं विचारायला शिकवा.

वेणीफणी

हा प्रतिसाद जवळजवळ जसाच्या तसा टिपणात जाणार. आभार.

गिरगावकर

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण ज्याने केली त्याने रीबाँडिंगनंतर वाढलेली मुळं पाहिली असणार.

ठाण्याची_कुरळी

मी गिऱ्हाईक पक्षाची. ‘फ्रिझ’ला काय म्हणणार? भुरभुरीत, पिंजारलेले, फुगलेले हे तीन शब्द आमच्या घरात आहेत आणि तिन्ही वेगळे. न्हाऊन तेल न लावता सुटे उडतात ते भुरभुरीत. विंचरलेच नाहीत ते पिंजारलेले. आणि जूनमध्ये ठाणे स्टेशनला उतरेपर्यंत होतात ते फुगलेले. सलूनमध्ये मी “फुगतात” म्हटलं की समोरची म्हणते, “मग लेयर काढू, हलके होतील.” नको गं बाई! कमी नकोत, फुगायला नकोत.

रसायन_मुलुंड

तुमचं तिसरं खरं फ्रिझ. पावसाळी हवेतलं पाणी केसात शिरून हायड्रोजन बंध (पाण्याने सुटणारे कच्चे दुवे) मोडतं, प्रत्येक केस आपापल्या मूळ वळणावर जातो. ब्लो ड्राय केलेला सरळपणाही याच बंधांवर टिकलेला असतो, म्हणून लोकलच्या गर्दीत तो चर्नी रोडपर्यंतही टिकत नाही.

कात्री_बोरिवली

‘फुगणे’ हाच शब्द घ्या. आणि ‘श्रिंकेज’ राहिलं. ओले असताना खांद्यावर, सुकले की कानाशी. मुंबईत बहुतेकांना ओल्या केसांवर, कंगव्याने ताणून कापायला शिकवलं जातं. कुरळ्या केसावर तसं कापलं की गिऱ्हाईक आरशात बघून रडतं. कोरडे असताना, वळण दिसत असताना कापायचं, किंवा ओले कापायचे तर न ताणता, हातचा राखून.

ठाण्याची_कुरळी

‘आटतात’ म्हणा? कापड धुतल्यावर आटतं तसं.

गिरगावकर

केस आटले म्हटलं की गळले असं वाटेल. ‘आखडतात’ बरं.

कात्री_बोरिवली

आम्ही “वर चढतात” म्हणतो. पण आखडतात पण छान.

मुरूडचा_माणूस

‘लॉक्स’ला (केसांचे दोरासारखे वळून ठेवलेले पेड) जटा लिहिणार असाल तर थांबा.

वेणीफणी

लिहिलं आहे खरं. का?

मुरूडचा_माणूस

महाराष्ट्रात जट म्हणजे देवीची, कापायची नाही, कापली तर कोप. मुलीला जट आली म्हणून देवाला सोडण्यापर्यंत गोष्टी गेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन समजूत काढून जटा सोडवतात, ते काम अजून चालू आहे. त्या शब्दाला एवढा इतिहास चिकटलेला असताना, निगा राखून, केसांचे भाग करून, हौसेने बांधलेल्या लॉक्सना तेच नाव देऊ नका. आणि उलटही: मुलांना खरी जट समोर आली तर ‘स्टाइल’ समजून तिची निगा राखत बसू नयेत.

वेणीफणी

पटलं. ‘लॉक्स’च ठेवते, आणि जटेवर वेगळा परिच्छेद.

दादर_पूर्व

उशिरा आलो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो: ब्रिटनमध्ये २०२१ साली केशकर्तनाची व्यावसायिक मानकं बदलून कुरळ्या आणि घट्ट वळ्यांच्या केसांचं काम सगळ्यांच्याच शिक्षणात घेतलं. न्यूयॉर्क राज्यात २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तसा कायदा झाला. त्याआधी ते ऐच्छिक, ज्याला हौस त्याने शिकावं असं होतं. कॅलिफोर्नियात तर २०१९मध्ये केसांच्या ठेवणीवरून नोकरीत, शाळेत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. आपल्याकडे कुरळे केस बहुसंख्यांच्या ओळखीचे, कायद्याची गरज नसावी. पण प्रकरण पुस्तकाच्या शेवटी असेल तर परीक्षेच्या घाईत तेच वगळलं जातं, एवढं मास्तर म्हणून सांगू शकतो. पुढे आणा.

वेणीफणी

दुसरं प्रकरण करते, केसाच्या रचनेच्या लगेच नंतर. शीर्षक नुसतं ‘कुरळे केस’. आत वळण, जाडी (तलम ते जाड), दाटी, पिणं, ताण (केस ओढ किती सोसतो). फुगणे, आखडणे. स्ट्रेटनिंग तिथे नाही, ते रसायनांच्या प्रकरणात जाईल. ‘वेव्ही’ला वर नागमोडी लिहून गेले, पण शब्द अजून पक्का नाही. लहरी केस म्हटलं तर केसांचा स्वभाव कळतो, आकार नाही.

ठाण्याची_कुरळी

लहरीच बरोबर आहे, माझे तसेच आहेत. 😄 नागमोडीच ठेवा. घाटातला रस्ता सगळ्यांनी पाहिलाय.

कात्री_बोरिवली

ताई, वर्गात हिंदी बोलणारी मुलं असतील ना? त्यांचं काय करणार?

वेणीफणी

निम्मी आहेत. ‘घुंघराले’वर अडत नाही, पण ‘पतले बाल’चा हाच घोळ तिकडेही आहे. तुमच्याकडे खुर्चीवरची हिंदी यादी असेल तर इथेच टाका.