‘आपल्याच पेशीतलं, म्हणून निर्धोक’: मॉट्स-सीच्या इंजेक्शनवरून वाद

सातपूरकर: वरच्या पोस्टचं म्हणणं, ‘मॉट्स-सी हे छोटं पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) आपल्याच मायटोकॉण्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातून येतं, अपाय शून्य, पन्नाशीनंतर टोचून घ्याच.’ अहो, इन्सुलिनही आपलंच असतं, डोस चुकला की माणूस जातो! 2021 च्या प्रयोगात म्हातारे उंदीर दुप्पट पळाले, ते रोज किलोमागे 15 मिलिग्रॅमवर. उंदराचा डोस माणसाला लावायचा तर 12.3 ने भागा: किलोमागे 1.2. सत्तर किलोला रोज 85 मिलिग्रॅम. दहा मिलिग्रॅमची व्हायल महिनाभर पुरवून कसला परिणाम मोजणार?

पंचवटी_बायोकेम: उंदीर-उंदीर करून अख्खा विषय झटकू नका. त्याच अभ्यासात तरुणांनी सायकल मारल्यावर स्नायूंतलं मॉट्स-सी जवळपास 12 पट वाढलं. ह्युमॅनिन हे मायटोकॉण्ड्रियाचंच दुसरं पेप्टाइड तर 2001 मध्ये अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून हाती लागलं. ते बॅक्स या पेशी मारणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं, मायटोकॉण्ड्रियाच्या पटलापर्यंत पोचू देत नाही, म्हणून पेशी तगते. वयाबरोबर रक्तातलं ह्युमॅनिन घटतं. हे सगळं खोटं?

सातपूरकर: खोटं कोण म्हणतंय? पण बिघडलेली पेशी मरते तीही बॅक्समुळेच. लपलेली कॅन्सरची गाठ असलेल्या माणसात तीच पेशी तगवायची का?

गंगापूररोड: तुमचं चालू द्या, माल खराब होतो त्याचं बोला. मॉट्स-सीच्या 16 अमिनो आम्लांत दोन मेथिओनिन, एक ट्रिप्टोफॅन; तिन्ही ऑक्सिडाइज होतात. कोरडी पावडर उणे 20 ला ठेवायची. व्हायल खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आत दव धरतं. पाणी काचेच्या कडेने सोडायचं, हलवायचं नाही, गोल फिरवायचं. नंतर 2 ते 8 अंश, परत गोठवणं बंद. साध्या स्टराइल पाण्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, उरलेलं फेकायचं. मे महिन्यात कुरिअरच्या डिक्कीतून आलेल्या मालाचा भरवसा कोण देणार?

पंचवटी_बायोकेम: एचपीएलसीचा, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या चाचणीचा, 98 टक्क्यांचा रिपोर्ट येतो की सोबत.

गंगापूररोड: तो रिपोर्ट पाठवलेल्या नमुन्याचा, प्रवासानंतरच्या व्हायलचा नाही! शिवाय त्यात एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, दिसत नाही, त्याला एलएएल चाचणी वेगळी लागते. आणि पावडरच्या वजनात ट्रायफ्लुरोॲसिटेटचा क्षार, पाणी धरलेलं. निव्वळ पेप्टाइड त्याहून कमी. बायोकेम म्हणवता आणि हे विचारता?

पंचवटी_बायोकेम: टोमणे नकोत. एंडोटॉक्सिनचं मान्य, तेवढंच. शास्त्र माझ्याच बाजूने आहे.

सातपूरकर: शास्त्र असू दे, सुई नको. आणि शर्यतीत उतरणाऱ्यांनी ऐका: मॉट्स-सी वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, ‘जिममध्ये दिलं’ हे कारण तिथे चालत नाही.